मार्था सिस्टरांचे पस्तीस दिवस

"सर, आज उघडलं का वो अमेरिकेचं सरकार?"

सकाळी सहाला फाटकाची कडी वाजली की समजावं, मार्था सिस्टर. श्रीरामपुरात आमच्या समोरच त्यांचं घर. एका दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होत्या. निवृत्त झाल्या तरी घड्याळ पदराला उलटं टाचलेलंच असे. खुर्चीत टेकलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं. चहासुद्धा उभ्यानेच घ्यायच्या. "बसलं की जीव घाबरा हुतो," म्हणायच्या.

त्यांची एकुलती एक मुलगी रूथ लग्नानंतर अमेरिकेला गेली आणि तिकडच्या विमानतळावर सामान तपासायच्या सरकारी नोकरीला लागली. काही वर्षांपूर्वी नाताळच्या सुमारास तिचा फोन आला, की सरकार बंद पडलंय, पण कामावर जावंच लागतं, पगार मात्र नाही. सिस्टर तशाच माझ्याकडे आल्या. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलेला माणूस.

मी सांगितलं, तिथे खर्चाला संसदेची मंजुरी लागते. पूर्वी पक्षांच्या भांडणात मंजुरी रखडली तरी कचेऱ्या कशाबशा चालू राहत. पुढे सरकारच्याच कायदेतज्ज्ञाने मत दिलं, मंजुरीशिवाय काम करणं बेकायदा. तेव्हापासून टाळं लागायला लागलं; बरेचसे नोकर घरी बसतात, विमानतळासारख्या निकडीच्या कामावरचे बिनपगारी राबतात. आपल्याकडे अशी मंजुरी लोकसभेने नाकारली तर सरकारच पडतं.

सिस्टर माझ्या वऱ्हांड्यात दोन येरझाऱ्या घालून थांबल्या. "म्हंजे आपल्याकडं भांडणारे घरी जात्यात, अन् तिकडं काम करनारे?"

इतकं नेमकं मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं. त्यांना राग यायला कारणही होतं. त्यांच्या दवाखान्यात एकदा संचालकांचं आपसात बिनसलं आणि वॉर्ड बंद करायचा हुकूम आला. आत तीन बाळंतिणी होत्या. सिस्टरांनी किल्ली कमरेला खोचली आणि पाच दिवस घरी गेल्या नाहीत. "पेशंट हाय तवर वॉर्ड बंद न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या वेळचा बंद पस्तीस दिवसांनी मिटला.

गेल्या वर्षी पावसाळ्यात त्यांना धाप लागू लागली. हृदयाची झडप बदलायची ठरली. नगरच्या डॉक्टरांनी ऑक्टोबरची तारीख दिली, रूथने रजा आणि तिकीट काढलं. आणि महिना लागला तसं तिकडचं सरकार पुन्हा बंद. सगळ्यांच्या रजा रद्द.

"आई, मी नोकरी सोडून येते," रूथ फोनवर रडत होती.

"येडी का काय! मला कायबी घाई न्हाई," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरांनी मात्र थांबू नका म्हणून बजावलं होतं. मीही खूप विनवलं. त्यांचं एकच, "मागं पस्तीस दिवस चाललं हुतं ना? तेवढं थांबते. डोळं उघडल्यावर पोर समोर पाहिजे."

जन्मभर दुसऱ्याचं ऑपरेशन एक दिवस लांबू न देणारी ही बाई. दुपारी धापा टाकत अंगणात फिरायची आणि तासातासाला मला बातमी विचारायची.

पस्तिसावा दिवस गेला. सरकार बंदच. छत्तिसाव्या दिवशी त्या ओठ निळे पडलेल्या स्थितीत दारात उभ्या राहिल्या. "चला सर. माझं चुकलं. कागदावर सही तुमी करा." गाडीत माझा हात धरून म्हणाल्या, "म्या थांबले हुते, हे रूथला सांगू नका. तिच्या जिवाला लागंल."

ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. पाचव्या दिवशी त्या गेल्या. शुद्धीवर आल्याच नाहीत.

रूथ बिनरजेची निघाली. ती विमानात असतानाच तिकडचं सरकार उघडलं.

दफन आटोपल्यावर माणसं पांगली. रूथ मातीच्या ढिगाशी उभी होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "काका, ऑपरेशनला एवढा उशीर का झाला?"

"डॉक्टरांनीच तारीख पुढे ढकलली, बाळ," मी म्हणालो.

तिने मान हलवली. माझं म्हणणं तिला पटलं की नाही, मला आजही कळलेलं नाही.