दार लावून घे

वसुधाताई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात सायकलचं पुढचं चाक होतं. तोक्योच्या पश्चिमेला, डोंगरात जाणारी रेल्वे जिथे संपते त्या स्टेशनाबाहेर बसून मी सायकल जोडत होतो. जपानमध्ये सायकल ट्रेनने न्यायची तर चाकं काढून, सगळी पिशवीत बांधून न्यावी लागते. हँडलचं टोकसुद्धा बाहेर आलेलं चालत नाही. फोनवर त्यांचे धाकटे भाऊ सुहासराव होते, मुंबईहून. "पहाटे गेली, झोपेत. तुम्हाला लगेच कळवा म्हणून सांगून ठेवलं होतं तिने." मी बरं म्हणालो, अजून काहीतरी म्हणालो, आणि चाक तसंच धरून बसलो... परतावं की वर जावं, कळेना. मग वाटलं, ताई असत्या तर म्हणाल्या असत्या, "चाक काय धरून बसलायस गणपतीतल्या झांजेसारखं? बसव ते." बसवलं आणि वर गेलो. त्याला आता दीड महिना झाला.

त्यांची माझी ओळख तोयोसुची, म्हणजे तोक्योतल्याच एका भागातली. आम्ही बरेच आयटीवाले तिथेच राहतो, तिथेच राबतो. गणपतीला कुणाच्या तरी घरी जमलो होतो, तेव्हा एक पन्नाशीच्या बाई हेल्मेट काखेत मारून आरतीला आल्या. मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीने त्यांना इकडे पाठवलं होतं, जपानी फर्डं बोलायच्या, लग्न केलेलं नव्हतं. मोदक खाता खाता म्हणाल्या, "रविवारी कोण येतंय? डोंगरात जंगलखात्याचे रस्ते आहेत. गाडी नाही, सिग्नल नाही, नुसती खडी आणि खाली नदी." सगळे हसले. मी मात्र जरा फटकन बोललो. म्हणालो, "ताई, खडीवरून सायकल मारायला लागू नये म्हणून तर मी शिकलो."

बायकोने, मनीषाने, माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला, हे मी कुणालाही छाती काढून सांगतो. पण तिथवर कसा गेलो ते सांगत नव्हतो. सांगली जिल्ह्यातलं आमचं गाव, तिथून हायस्कूलला जायच्या रस्त्यावर खडी पडली आणि डांबर काही येईना. मी इंजिनियर झालो तरी आलं नव्हतं. त्या खडीवरून रोज सायकल, पुढं दप्तर, मागं डेअरीला घालायची दुधाची किटली. तोक्योत ऑफिसला सूट घालून जाणाऱ्या माणसाला ते सगळं विसरायचं असतं. वसुधाताईंनी हातातला मोदक खाली ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणजे तुला येतं! अरे मग शिकव की मला. मला उतारावर फार भीती वाटते रे."

तो रविवार अजून आठवतो. मी एका ऑफिसमित्राची सायकल मागून नेली होती, आणि मनातून वैतागलेलो होतो. जंगलातल्या रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी आडवा दांडा होता, त्याला कुलूप, आणि पाटी : गाड्यांना बंदी, पायी आणि सायकलने जायला हरकत नाही. आम्ही कडेच्या फटीतून सायकली आत घेतल्या. आवाज ऐकून अस्वलांनी लांब राहावं म्हणून पाठीवरच्या पिशवीला घंटा बांधली. मी निघणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "दत्ता, दार लावून घे." दार कुठलं? त्या स्वतःच मागे गेल्या, हवेत एक फळी ओढल्यासारखी केली, वर कडी घातल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "लावलं हं." नंतर कधीतरी सांगितलं त्यांनी. गिरगावात चाळीतल्या दोन खोल्यांत नऊ माणसं. दिवसा दार लावलं की शेजारणी विचारायच्या, काय झालं गं? "आपल्या मागे आपण दार लावायचं, ही एवढीच हौस होती बघ," म्हणाल्या. "आणि खोली मिळाली ती केवढी! मध्ये नदीसुद्धा आहे."

खोली खरंच मोठी होती. एका अंगाला सुगीची, म्हणजे जपानी देवदाराची, उंच झाडं, दुसऱ्या अंगाला नदीने कापलेली घळ, खाली पाणी हिरवंगार, आणि चाकाखाली खडीचा तो आवाज... मला वाटलं होतं तो आवाज ऐकून चीड येईल. पण पहिला उतार लागला आणि माझं अंग माझ्याआधी कामाला लागलं. ढोपरं सैल झाली, ढुंगण सीटवरून उचललं गेलं, ब्रेकवर दोनच बोटं. खाली पोचून वळून बघतो तर वसुधाताई वरच उभ्या. उतरून, सायकल हातात धरून, बिचकत बिचकत चालत आल्या. आल्या आल्या पहिला प्रश्न : "हे कुठल्या क्लासमध्ये शिकलास?"

"हायस्कूलला जाताना. मागं दुधाची किटली असायची. सांडली की आई मला दारातच उभं करायची."

"मग मलाही किटली दे."

असे आमचे रविवार सुरू झाले. दर वेळी दांड्याशी ताई आधी दार लावायच्या, मगच निघायच्या. मी म्हणायचो, "ताई, दगडाकडे बघू नका, लांब बघा. मागं किटली आहे, भरलेली." त्या ओरडायच्या, "अरे किटली गेली घळीत, तू मला वाचव!" वर चढून गेल्यावर कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतलेले भाताचे गोळे, आणि त्यावर त्यांचं घरचं मेतकूट. सायकलच्या दुकानात, ऑफिसातल्या जपानी लोकांत त्या माझी ओळख सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणून करून द्यायच्या, आणि मी किटली घेऊन शाळेत जायचो हे त्यांच्याच तोंडून अख्ख्या तोयोसुला कळलं. पहिल्यांदा कान तापले माझे. मग बघितलं, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत कीव नव्हती. काहीजण तर शिकवायला या म्हणायला लागले. पुढे गावाकडच्या त्या रस्त्यावर डांबर पडल्याचा फोटो भावाने पाठवला, तो मी कौतुकाने दाखवला तर ताई म्हणाल्या, "अरेरे! मला यायचं होतं रे तिथे." आमच्या गावात डांबर आल्याचं दुःख झालेली ही जगातली एकच व्यक्ती असणार.

एक उतार मात्र त्यांना जमत नव्हता. शेवटचा, घळीच्या तळाशी नदीवर नेणारा. सगळी मोकळी खडी, दोन वळणं. दर वेळी पहिल्या वळणावर त्यांचा पाय टेकायचा. निवृत्त झाल्यावर भूमध्य समुद्राकाठच्या डोंगरांत, ऑलिव्हच्या बागांतून अशाच खडीवरून महिनाभर फिरायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मी विचारलं, कधी निघताय? तर म्हणाल्या, "आधी ही आपली घळ पाय न टेकता उतरू दे, मग परक्यांच्या."

मग आजार निघाला. उपचार, थकवा, हेल्मेटखाली कापडी टोपी. मुंबईला परत जायचं ठरलं, आणि जायच्या आधीच्या रविवारी त्यांना वर जायचं होतं. डॉक्टर म्हणाले, हळू जा, दमलात की थांबा. मनीषा म्हणाली, पडल्या तर? मीही तेच म्हणालो. ताई म्हणाल्या, "पडले तर पडले असं लिहून देऊ का? चल." माझी मुलगी ईराही हट्टाने आली. ती तेव्हा बारा वर्षांची. आम्ही मराठीत बोलायचं, तिने जपानीत उत्तर द्यायचं, असं आमच्या घरी चालतं. चढावर ती "त्सुकारेता, त्सुकारेता" करत होती, म्हणजे दमले, दमले. आणि ताई तिच्याही मागे, बऱ्याचदा सायकल ढकलत. शेवटच्या उताराच्या तोंडाशी आलो. मी आधी खाली जाऊन उभा राहिलो. वरून घंटा वाजायला लागली... पहिलं वळण, घंटा थांबली नाही. दुसऱ्या वळणावर मागचं चाक घसरलं, पण बाईंनी मान वर ठेवली, लांब बघितलं, आणि सरळ माझ्याजवळ येऊन थांबल्या. पाय टेकला तो नदीच्या वाळूत. धापा टाकत म्हणाल्या, "बघ रे सेन्सेई, एक थेंब सांडला नाही." मग दगडावर बसून त्या पोटभर हसल्या. ईराही हसली, मीही. मी त्यांना शेवटचं बघितलं ते असं. मुंबईला जाताना विमानतळावर येऊ दिलं नाही त्यांनी कुणाला. "निरोप झालाय आपला, चांगला झालाय," म्हणाल्या.

सायकल त्यांनी ईराला दिली. फोन आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मी तिची सीट खाली घेतली, पिशवीत बांधली, आणि आम्ही दोघं गेलो. आडव्या दांड्याशी पोचलो, फटीतून सायकली आत घेतल्या, घंटा बांधली. दार लावून घे म्हणायचं मी टाळलं आणि नुसताच निघालो. थोडं पुढे गेलो तरी मागून खडीचा आवाज येईना. वळून बघितलं तर ईरा सायकल आडवी ठेवून दांड्याशी गेली होती. तिने हवेत फळी ओढली, टाचा उंचावून वरची कडी घातली, आणि माझ्याकडे बघून स्वच्छ मराठीत म्हणाली,

"लावलं हं, बाबा."