मरीच्या जेवणाचे आवतण

वर्ध्याजवळच्या नालवाडीतल्या घरून निघताना बायकोने छागल (पाणी गार ठेवणारी जाड कापडाची पिशवी) माझ्या खांद्यावर अडकवली आणि बजावले, "तिथं कोणाशी वाद घालू नका. तुम्ही जावई आहात." मी म्हणालो, "जावयाला सासुरवाडीत पाण्याची काय कमी?" आणि छागल खुंटीला परत टांगली.

देवीचा रोग देशातून गेला असे सरकारने सांगितल्यावर दोन-तीन वर्षांनी आलेल्या चैत्रातली ही गोष्ट. बायकोचे माहेर नाचणगावच्या पुढे आहे. गावाचे नाव लिहीत नाही, कारण अजून मला तिथे जेवायला जावे लागते. चैत्रातल्या एका मंगळवारी हे गाव स्वतःला कुलूप लावते. चुली विझवून माणसे भांडीकुंडी घेऊन पूर्वेच्या मैदानात जातात आणि तिथेच रांधून जेवतात. बैल जुंपायचा नाही, आणि एकदा शीव ओलांडली की दिवस बुडेपर्यंत आत पाऊल टाकायचे नाही. याला मरीचे जेवण म्हणतात. मरी म्हणजे साथ. मुलीची परीक्षा असल्याने बायको येऊ शकली नाही, म्हणून मला पाठवले.

पुलगावच्या एसटीत शेजारच्याने विचारले, "कुठं चालले?"

"मरीच्या जेवणाला."

तो उठून ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसला. मला पाय पसरता आले.

नाचणगावपासून पायी निघालो. मैदानात पोचलो तेव्हा पळसाच्या सावलीत साळा वासुदेव गोवऱ्या रचत होता. आर (धगधगीत निखारे) पडल्यावर त्यात पानगे (पळसाच्या पानांत गुंडाळलेले कणकेचे जाड गोळे) भाजायचे होते. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. मला हिशेबाची खोड आहे, म्हणून बसल्या बसल्या चौकशी केली: ही साथ नेमकी कशाची होती? वासुदेव म्हणाला, पिलेग. सासूबाई म्हणाल्या, पटकी. चुलत सासरे म्हणाले, मानमोडी, ज्यात ताप येऊन माणूस दोन दिवसांत जाई. पलीकडून एक म्हातारी म्हणाली, देवी, दुसरं काय. चार जणांना विचारले, रोग चार निघाले.

वासुदेवाला याचे काही वाटले नाही. "रोग कोणता का असेना, जवाईबापू, नाल्याजवळचं आपलं वावर तवाचंच हाये. त्या घरचं कोणी राह्यलंच नाई, मग आपल्या आज्यानं वाहायले घेतलं."

म्हणजे मला लग्नात मिळालेली अंगठी बहुधा त्या वावराच्या कापसातली. मी ती काढून पाहिली, पुन्हा घातली. साथ नुसती माणसे नेत नाही, वावरांचे मालकही बदलते. पुढे कोणी विचारत नाही, कारण विचारणाराही बहुधा त्यातलेच खात असतो.

मैदान पूर्वेलाच का, याचेही कारण आहे. साथीत गाव सोडून झोपड्या घालायची वेळ आली तेव्हा मोकळी, कोरडी जागा आणि पाणी एकाच ठिकाणी होते: बौद्धपुऱ्याजवळ (तेव्हा त्या वस्तीला दुसरे नाव होते). ज्यांना गावाने शिवेबाहेर ठेवले होते, त्यांच्याच शेजारी गाव मुक्कामाला गेले आणि त्यांच्या विहिरीचे पाणी प्याले. रोग गेल्यावर सारे परत आले आणि विटाळही सोबत घेऊन आले. तेव्हापासून वर्षातून एक दिवस त्या विहिरीच्या पाण्यात कणीक भिजते. उरलेले दिवस तिचे पाणी चालत नाही. हिशेब माझ्या डोक्यात बसेना, पण वाद घालायचा नव्हता.

तेवढ्यात विहिरीवर गेलेल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन परत आल्या. विहिरीत चिखल होता.

आदल्या वर्षी गावातली विहीर खोल करून तिच्यावर मोटर बसवली, आणि ही हळूहळू आटत गेली. बौद्धपुऱ्यातल्या बाया चैत्र लागल्यापासून नाल्यापलीकडच्या मळ्यातून कोसभर डोक्यावर पाणी आणत होत्या. गावच्या विहिरीवर भरू द्या, असे त्यांनी दोनदा मागितले आणि दोन्ही वेळा 'पाहू' असे उत्तर मिळाले. कायद्याने विहीर साऱ्यांचीच होती. पण कायदा वर्ध्याला राहतो, इकडे मुक्कामाला येत नाही. मागणे साऱ्यांनी ऐकले होते, पण विहीर पार चिखलावर आल्याचे मैदानातल्या कोणी पाहिले नव्हते, कारण वर्षभर तिकडे कोणी फिरकतच नाही.

सोबत आणलेले पाणी संपले होते. ऊन डोक्यावर, लहान पोरे रडायला लागलेली. गावात भरलेली विहीर, मोटरीसकट. पण आत जाणार कोण? सारे शीव ओलांडून आलेले. मी तेवढा बाहेरून आलेला, पण जावयाच्या हाती घागर कोण देणार?

आबाजी पाटील गावात सर्वांत वडील. ते बौद्धपुऱ्याच्या कडेला उभ्या असलेल्या कौसल्याबाईला म्हणाले, "कौसल्या, तुमच्या बाया मळ्यातून पाणी आणतेत ना? आज गावासाठी बी आणा."

"पूर्‍या गावाले? माझं डोस्कं आहे का टाकी?" कौसल्याबाई पदर खोचत म्हणाली. "आम्ही रोज जातो. एक दिवस तुम्ही जाऊन पाहा. रस्ता सोपा आहे, काटेच काटे आहेत."

सासूबाईच शेवटी म्हणाल्या, "आबाजी, या लोकायनं शीव कुठं ओलांडली? हे बाहेरचेच. यायले आत जायची बंदी नाई. आपल्या विहिरीचं पाणी हेच आणतीन."

आबाजी पागोट्याच्या शेवाने मान पुसत राहिले. साऱ्या गावात आज गावात जाऊ शकणारी माणसे तेवढीच होती, ज्यांना गावच्या विहिरीवर चढू दिले जात नव्हते.

"भरतो," कौसल्याबाई म्हणाली. "पण उद्या बी भरू. आमच्या विहिरीले पाणी लागेपर्यंत रोज भरू."

"उद्याचं उद्या पाहू."

"मग तहान बी उद्याच लागू द्या." ती पळसाखाली बसली. मग माझ्याकडे बोट केले. "गावाचा जवाई ओठ चाटून राह्यला, अन् तुम्ही पाहून राह्यले. वर्ध्याले जाऊन काय सांगन तो?"

मी काहीच सांगणार नव्हतो. बोलायला तोंडात ओल नव्हती. पण सारे माझ्याकडे बघायला लागले, म्हणून मी म्हणालो, "मी सांगेन की सासुरवाडीत पाणी मागितलं तर 'पाहू' म्हणतात."

कोणीतरी हसले. आबाजींच्या बायकोने स्वतःची तांब्याची घागर उचलली आणि कौसल्याबाईपुढे ठेवली. "ने बाई. हे पाहत बसले तर मढी उचला लागतीन."

कौसल्याबाई उठली नाही. आबाजींकडे पाहत राहिली.

"बरं," आबाजी म्हणाले. "मरी हाये तोवर भरा."

एवढ्यावर ती उठली. पंधरा-वीस बाया ओळीने गावात शिरल्या. पाणी आले तेव्हा कोणी कोणाच्या घागरीकडे पाहिले नाही. मी दोन तांबे प्यायलो. पानगे वरून करपले होते, आत कच्चे होते, आणि मी चार खाल्ले.

दिवस बुडताना कोतवालाने हलगी वाजवली. हा कोतवाल म्हणजे कौसल्याबाईचा नवरा, दामू. रीत अशी की त्याने ओरडायचे, "मरी गेली हो, घरी चला." त्याने हलगी थांबवली, घसा साफ केला आणि ओरडला, "घरी चला हो."

लोक भांडी गोळा करून चालू लागले. मी थबकलो. वासुदेवाला विचारले, "मरी गेली म्हणाला नाही?"

"नाई म्हणाला?" वासुदेवही थांबला.

आबाजी आमच्या पुढेच होते. त्यांनी ऐकले असणार. ते वळले नाहीत.

सकाळी एसटी गाठायला लवकर निघालो. विहिरीवर बौद्धपुऱ्याच्या बाया भरत होत्या. समोरच्या ओट्यावर आबाजी कडुनिंबाची काडी चावत बसले होते. दोन तरणे गडी त्यांच्याशी तणतणत होते: काल संपलं, आज या कशाला?

आबाजींनी काडी थुंकली. "दवंडीत मरी गेली असं ऐकलं का तुम्ही? मले तं नाई ऐकू आलं. गेली नसन तं पाणी एकच राहीन. ही वाडवडलांची रीत आहे, मी कोण मोडणारा?" मग मला म्हणाले, "येजो, जवाईबापू. पुढच्या साली पाणी घेऊन येजो."

कौसल्याबाईने दोर ओढता ओढता माझ्याकडे पाहिले. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते.

परतीच्या एसटीत विचार करत बसलो. रोगाने गाव एकदा शहाणे केले आणि बरे होताच गाव पुन्हा पहिल्यासारखे झाले. बरे होणे म्हणजे नेहमीच चांगले, असे मी तोवर धरून चाललो होतो.

घरी बायकोने पहिला प्रश्न केला तो माहेरच्या रीतीचा, जेवणाहून परतलेल्या प्रत्येकाला विचारतात तो. "मरी गेली का?"

"नाही," मी म्हणालो. "राहू दे अजून थोडे दिवस."