जन्मवेळेचा रकाना

आमच्या प्रयोगशाळेत उंदरांची देखभाल करणाऱ्या गृहस्थांना आम्ही 'सुईणबाई' म्हणायचो. चांगले मिशीवाले, एकटे राहणारे. पण उंदरीण व्यायली की पिल्लांची जन्मवेळ तासासकट वहीत टिपायचे. पिल्लांच्या छातीतल्या थायमस ग्रंथीत रोगाशी लढणाऱ्या पेशी तयार होतात. त्या पेशींतलं एक एन्झाइम पहिल्या दिवसांत तासातासाला चढतं, आणि ते मोजायचं काम माझं. वेळ चुकली की माझी मोजणी मातीत. त्या वहीपुरताच काय तो त्यांना मान होता. एरवी त्यांच्याशी बोलतंय कोण?

एका संध्याकाळी ते म्हणाले, "ताई, दोन तास बसता का इथं? एक उंदरीण आज व्यायची आहे. मला जरा जायचंय."

"का हो, मुलगी बघायला?" मी हसत पर्स उचलली. "मला नाही बाई जमायचं."

त्यांची एकुलती एक बहीण दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती. ते मला चार दिवसांनी, त्यांच्या भाच्याचा ऑफिसात फोन आला तेव्हा कळलं. मेलं, विचारायचं तरी मी!

ते गेले ते बहिणीचं सगळं आटोपून सकाळीच परतले. पिल्लं झालेली होती. वीस वर्षांत तो रकाना कधी कोरा राहिला नव्हता. त्यांनी अंदाजाने 'पहाटे पाच' लिहिलं.

माझ्या मोजणीत त्या पिल्लांचं एन्झाइम त्या वयाला असायला हवं त्याच्या दुप्पट आलं. आमच्या प्रमुख सरांना आभाळ ठेंगणं झालं. "इतक्या लवकर पेशी जाग्या होतात! हे कुणीच पाहिलेलं नाही!" त्यांनी पेपर लिहायला घेतला. पाचव्या दिवशी भर बैठकीत सुईणबाई दारात येऊन उभे राहिले. वही हातची जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"सर, ती वेळ खोटी आहे. मी इथं नव्हतो. पिल्लं आदल्या संध्याकाळीच झाली असणार."

सर ताडकन उठले. "कुठे होतात?"

"घरचं काम होतं."

"मग कुणाला तरी बसवून जायचं! एवढीही अक्कल नाही?"

मी समोरच बसले होते. सुईणबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चुकलं," एवढंच म्हणाले. मीही तोंडातून ब्र काढला नाही. अशी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

वही काढून घेतली, पिंजऱ्यांवर कॅमेरा बसवला. आता ते नुसता भुसा बदलतात. दिवसभर त्यांच्याशी कुणी बोलत नाही. मीही नाही, कोणत्या तोंडाने बोलू?