माहेरची जर्सी

लग्न करून भोमवाडीहून निघाले तेव्हा पेटीत माझं सगळं भरलं होतं. खुंटीवर एक जुनी ओढणी राहिली होती, तीही बाबांनी आणून दिली. "मागे काय ठेव नको गो. आता कातळगाव ताच तुझा गाव." खरं सांगते, रडण्यापेक्षा चीड जास्त आली होती.

कातळगाव म्हणजे सासर, आणि सासर म्हणजे जोगेश्वरीतली एक खोली. आमच्या खोऱ्यातल्या पाच गावांची माणसं अंधेरी ते बोरिवली पसरलेली. माझ्या नवऱ्याने आणि त्याच्या मित्रांनी मिळून पाच गावांची टेनिस बॉलची लीग काढली. पहिल्या वर्षी आरेजवळच्या मैदानात तबेल्यातल्या म्हशी हाकलून खेळले, स्टंपच्या जागी विटा. आज जर्सी काय, मोबाइलवर लाइव्ह काय, झकास चाललंय! वीस वर्षं स्कोअर मी लिहिला. नियमांची वहीसुद्धा माझ्याच अक्षरात. पहिलाच नियम: राहायला कुठेही असा, खेळायचं जन्मगावाकडूनच. चांगले बोलर कोणी पळवू नयेत म्हणून तो केलेला.

गेल्या वर्षी बायकांचे सामने ठरले आणि कमिटीने मला कातळगावात टाकलं. मी वही पुढे सरकवली. "वाचा ना."

"अगं, ते पुरुषांसाठी," नवरा म्हणाला.

"असं कुठे लिहिलंय? मीच लिहिलंय हो, मला ठाऊक आहे."

चार जण कुरकुरले, पण सगळ्या सुना आपापल्या माहेराकडून उतरल्या.

शेवटची ओव्हर माझ्याकडे. कातळगावाला चार धावा हव्या, शेवटची विकेट, समोर माझी सख्खी नणंद. दोन धावा दिल्या आणि तिचा त्रिफळा उडवला! नवऱ्याने कपाळाला हात लावला, मग सगळ्यांच्या आधी टाळ्याही त्यानेच वाजवल्या. वय अठ्ठेचाळीस, गुडघे बोंबलतात, तरी मी मैदानभर नाचले. असा अभिमान मला लग्नातल्या शालूचाही वाटला नव्हता.

गणपतीला भोमवाडीला जर्सी घेऊन गेले. पाठीवरचं गावाचं नाव बाबांनी बोट फिरवत वाचलं आणि डोळे पुसले. निघायच्या सकाळी बघते तर जर्सी माझ्या जुन्या खुंटीवर. काढायला हात वर केला.

"राहूंदे ती हयच," बाबा म्हणाले. "सामन्याच्या वेळाक येवन घेवन जा."

पोरींनो, सामने पुढच्या आठवड्यात आहेत. मी जर्सी आणायला घरी निघालेय.