हिच्या नावानं गेलेले शब्द

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, ती माझी बायको शकुंतला — ती तर सहा महिन्यांपूर्वी गेलीच.

माझी नात सोनल बारामतीला बारावीला आहे. दर शनिवारी एसटीनं सांगवीला आमच्याकडं यायची, आजीला चिकटून झोपायची. ती गाणी करते. स्वतः लिहिते, स्वतः म्हणते, मैत्रीण मोबाइलवर शूटिंग करते. नाचबिच काही नाही. स्टँडवर ताटकळलेल्या पोरी, तोंडावरच्या पुटकुळ्या, दप्तराच्या तळाशी दडपलेला नापासाचा पेपर. एका गाण्यात एकाच इयरफोनची दोन टोकं — एक सोनलच्या कानात, एक कुठल्याशा पोराच्या. दोघं एकमेकांकडं बघतसुद्धा नाहीत. बस येते, ती जाते. खरं सांगू? असंच असतं ते वय. माझं काय वेगळं होतं?

हिनं ते गाणं दहादा बघितलं. "आवं बघा तरी, पोरीनं येणी कशी घातलीया." हिला अक्षर येत नव्हतं, म्हणून सोनलनं फोनवर खातंबितं सगळं आजीच्या नावानं लावून दिलेलं. आम्हा दोघांत फोन तो एकच. मी चौथी शिकलेला, अडखळत वाचतो. माइकचं चित्र दाबून बोललं की फोन लिहितो, हेही आम्हा दोघांना तिनंच शिकवलं.

मग मी चिडलो कशानं? त्या पोरामुळं — असं मी स्वतःलाही सांगत आलो. खोटं आहे ते. गाण्यात पुढं आमच्याच घरातली खोली येते. चार पोरी जमिनीवर लोळून हसतायत. बाहेर चपला वाजतात, कुणीतरी खाकरतं — आणि पोरी एकदम गप्प. फोन उशीखाली. माणूस दिसत नाही, पण ते खाकरणं माझं. मी आलो की घर असं होतं, हे मला कुणी कधी बोललं नव्हतं. ठाऊक नव्हतं का मला? होतं.

ही बाजाराला गेली तेव्हा मी फोन घेतला आणि गाण्याखाली बोललो. "लाज सोडलीस. हेच शिकवलं का तुला? आमच्या घरात पुन्हा पाय ठिवू नको." दाबलं. गेलं.

दुपारी उघडून अक्षर अक्षर लावत वाचलं. वर नाव 'शकुंतला आजी'. खाली माझे शब्द. त्याखाली सोनलचं उत्तर — "बरं आजी." एवढंच. तेव्हाच पुन्हा माइक दाबून सांगता आलं असतं, की बोललो मी. मला काय वाटलं, सांगू? बरं वाटलं. आपलं नाव नाही म्हणून.

सोनल यायची थांबली. हिनं फोन केला की पुढं बोलू न देता "अभ्यास आहे आजी" म्हणून ठेवायची. ही शनिवारी दारात बसून राहायची. "पोरगी का येईना वो?"

"परीक्षा असंल," मी म्हणायचो. किती शनिवार म्हणालो.

मग एक दिवस हिच्या छातीत दुखलं. बारामतीला नेईपर्यंत संपलं.

हिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माणसं जमली. बुद्धवंदना झाली, चार जण हिच्याबद्दल चांगलं बोलले. सोनल माझ्याशेजारी बसलेली. हळूच म्हणाली, "आबा, आजी शेवटपर्यंत माझ्यावर रागावलेलीच होती का?"

तिथं तरी सांगायचं ना? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, "गेलेल्या माणसाचं मनात धरायचं न्हाय, बाळा."

म्हणजे पोरीला मी माफ करायला लावलं — हिला. जिनं काही केलंच नव्हतं तिला.

ते शब्द माझे होते. शकुंतला पोरीची वाट बघत गेली. सोनलला हे मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला आधी सांगतोय — आणि हाही भित्रेपणाच आहे.