लागली न्हाई, लावली : इस्लापूरच्या धुरामागे

‘आपल्याच नळाला पाणी न्हाई, अन् तू किनवटाकडची आग बघायला कशाला चाललीस?’ निघताना मायने विचारलं. मी पिशवी खांद्याला लावली. घरातली पहिली पदवीधर असल्यामुळे चेहरा गंभीर ठेवायला तेवढं जमतं.

लातुरात एका छोट्या संस्थेत मी उपग्रहाची चित्रं बघते. जंगलातून धूर कुठून उठला, कुठवर गेला, ते शोधते. या वेळी इस्लापूरजवळून उठलेला पांढरा पट्टा थेट तेलंगणात शिरला होता. आग कशाने लागली, हे वनखात्याला लिहून द्यायचं होतं. ते काही वरून दिसत नाही.

लातूर-नांदेड एसटी, बायकांना अर्धं तिकीट. नांदेड स्टँडबाहेर चुरमुऱ्यांची सुशीला खाऊन घ्या. पुढे भोकर, हिमायतनगर करत इस्लापूरला पोचेपर्यंत कंबर आपली राहत नाही. पाणी घरूनच न्या. आमच्या गाडीत किनवट जिल्हा व्हावा की नाही, यावर दोघांची जुंपली होती.

‘जिल्हा झाला की पाणी येतंय का?’

‘पाणी न्हाई, पण कलेक्टर तर जवळ येतो.’

‘मंग तहान लागली की त्याच्याकडं बघत बसायचं?’

कंडक्टरही हसला.

वाटेत सहस्रकुंड पाहिलं. कुंडं होती, धबधबा रजेवर होता.

गावात भेटेल त्याला विचारलं, आग लागली होती का? सगळे म्हणाले, न्हाई. मोबाइलवर धूर दाखवला, तरी न्हाई. आणि समोर डोंगर काळा ठिक्कर. अख्खं गाव मला बनवतंय, असं वाटून मी शेवटी जिच्याकडे उतरले होते त्या गंगामावशीवर चिडले. तिच्याच ओसरीवर बसून, तिचीच भाकरी खात.

ती म्हणाली, ‘लागली न्हाई गं बाई, लावली. तसं इचारलंस का तू?’

मोहाची फुलं पहाटे गळतात. पाचोळ्यात पडली की सापडत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा आधी जाळतात आणि शेजारी पाण्याच्या घागरी ठेवतात. यंदा घागरी होत्या, पाणी नव्हतं. वारा सुटला, आणि मला लातुरात बसून दिसलं.

‘आता हे लिव्हणार?’ मावशीने विचारलं. ‘मंग जंगल बंद करतेल. फुलं गेली की आमचं वरसाचं तेल-मीठ गेलं.’

जाळण्याऐवजी झाडाखाली कापड अंथरलं तर, असं मी सुचवलं.

‘एवढं कापड कुठलं? अंगावरचं काढू?’

ओसरीवरच्या बाया हसून लोळल्या. मी मात्र कापडाचाच विचार करत परतले.

अहवालात ‘लावली’ असंच लिहिलं. खोटं लातुरात बसूनही लिहिता आलं असतं. पुढे लिहिलं की घागरी रिकाम्या होत्या, जंगल बंद करू नका, अंथरायला कापड दिलं आहे. तसं लिहिलं म्हणून ते देणं आलं. गल्लीभर फिरून जुन्या साड्या मागितल्या. माय म्हणाली, ‘एवढं शिकून बोहारीण झालीस, अन् भांडं एकबी न्हाई.’ मग तिनेच स्वतःच्या दोन आणून टाकल्या.

खातं काय ठरवेल, माहीत नाही. गाठोडं आज सकाळच्या नांदेड गाडीने गेलं. सगळ्यांत वर माझी पदवीदानाची साडी आहे. तशीही ती नेसून मला चालता येत नव्हतं.