बेलाची तहान

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्या सालच्या दुष्काळात आमच्या गल्लीत टँकर यायचा. रांगेत माझ्यापुढं रोज एक म्हातारी असायची. कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. घागर भरली की त्यातला एक तांब्या ती कोपऱ्यावरच्या बेलाला घालायची, खोडावरून हात फिरवायची आणि मग घरी जायची. बेल केव्हाच वाळला होता. इथं प्यायला पाणी नाही आणि हिचं हे! माझं डोकं फिरायचं.

एकदा माझी घागर अर्धी असतानाच टँकर रिकामा झाला. मी तडकलो, "मावशी, मेलंय ते झाड. त्याला काय कळतंय?"

"त्याला न्हाई कळत, बाबा. पण मी पाणी प्यायला बसले की त्याची तहान मला लागती. तिला काय करू?"

पुढं नव्या कचेरीच्या रस्त्यासाठी बेल तोडला. दुसऱ्या दिवशी म्हातारी भरलेला तांब्या घेऊन त्या मोकळ्या जागी कितीतरी वेळ उभी होती. मग रांगेकडं परत आली, तांब्या माझ्या घागरीत ओतला आणि खोडावरून फिरवायची तसाच हात माझ्या पाठीवरून फिरवून निघून गेली.